दहा फुटांच्या मोटारीचा जीर्णोद्धार

सुवेझ कालव्याच्या प्रकरणावरून १९५६ साली जो पेचप्रसंग उद्भवला आणि ज्यापायी इंग्लंडात पेट्रोलचे रेशनिंग जारी करणे सरकारला भाग पडले, त्याच पेचप्रसंगाच्या पोटी मिनी नावाच्या मोटारीचा जन्म झाला. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे प्रमुख सर लेनर्ड लॉर्ड यांनी अभियंते ॲलेक इसिगोनिस यांस फर्माविले की, चार माणसे सुखाने बसतील, पेट्रोल बेताचे लागेल आणि एंजिन मात्र कंपनीजवळ आधीपासून असलेलेच वापरता येईल, अशी छोटी मोटार शक्य तितक्या सत्वर सिद्ध करावी. स्मर्ना शहरी १९०६ साली जन्मलेल्या या मनस्वी गृहस्थांनी तो हुकूम शिरसावंद्य मानला. आणि २६ ऑगस्ट १९५९ रोजी जी मोटार लोकांपुढे आली तिची लांबी होती अवघी १० फूट, एंजिन ८४८ सीसीचे आणि किंमत करांसह ५०० पौंडांच्या किंचित आत.

लहान मोटार म्हणजे मोठ्या मोटारीची काटछाट, असाच तोवर सार्वत्रिक समज होता. इसिगोनिस यांनी तो समूळ मोडला. एंजिन त्यांनी आडवे बसविले, गियरबॉक्स त्याच्या पोटाखाली तेलाच्या हौदातच मावविला, चाके १० इंची घेतली, आणि पोलादी स्प्रिंगांच्या जागी ॲलेक्स मोल्टन यांनी योजिलेले रबरी शंकू घातले. परिणामी मोटारीच्या लांबीपैकी सुमारे ८० टक्के भाग माणसे व सामान यांच्या वाट्यास आला. काटकसर अशी की, पत्र्याचे सांधे आत न लपविता बाहेरच वळवून जोडले, म्हणजे कारखान्यात वेल्डिंगचे काम सुलभ व्हावे. या प्रत्येक युक्तीचे ऋण पुढे कधीतरी मालकाला फेडावे लागते, ही गोष्ट मात्र जुनी मिनी उघडून पाहिल्यावाचून ध्यानात येत नाही. एंजिन आणि गियरबॉक्स एकाच तेलावर जगतात, म्हणून ते तेल दर ३,००० मैलांनी बदलावेच लागते. आणि त्या बाहेर वळविलेल्या सांध्यांत पावसाचे पाणी शिरले की गंज तेथे वस्तीला येतो.

अशी एक १९७२ सालची ९९८ सीसीची मिनी माझ्या मामेभावाने, म्हणजे आमच्या दादांनी, बर्मिंगहॅमच्या आपल्या घरी आणली. ज्या लाँगब्रिजच्या कारखान्यात मिनी जन्मास आली तो याच शहराच्या दक्षिण अंगास होता, तेव्हा ती एका अर्थी माहेरीच आली म्हणावयाची. मामेभाऊ तरुणपणी कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये उमेदवारी केलेले, फियाट ११०० अंगवळणी पडलेले; त्यांचा मुलगा संगणकाच्या पेशातला; आणि नात अजून शाळेत जाणारी. मोटार विकत घेण्यामागे दादांचा हेतू हौसेचा होता, हे खरे; परंतु गॅरेजात ती उभी राहिल्यावर तिने साऱ्या घराला कामाला जुंपले.

वरून रंग तुकतुकीत होता. गाडी जॅकवर चढवून खालून पाहिली तेव्हा खरा प्रकार उघडकीस आला. दारांखालच्या दोन्ही पट्ट्या, ज्यांवर या मोटारीचा सारा सांगाडा तोलून राहतो, त्यांवर पूर्वीच्या कोणा मालकाने दुसऱ्या रुंद पट्ट्या डकवून आतला गंज झाकून टाकला होता, आणि त्या आडोशाला मूळ पत्रा कुजून त्याचा भुगा झाला होता. पत्राकाम करणाऱ्या कारागिराला बोलाविण्यापूर्वी दादांनी दाराच्या चौकटीत आडवे-तिरपे लोखंडी धिरे टाकून घेतले. कारण पट्टी कापताच चौकट वाकली तर दार पुन्हा कधीही नीट लागत नाही. सांगाडा आधी सावरावयाचा, कापावयाचे ते मागाहून, हा नियम त्यांनी मुलाला आणि नातीला पुनःपुन्हा बजावला, आणि वाड्याची भिंत उतरविण्याआधी तुळयांना टेकू देणाऱ्या आपल्याकडील जुन्या गवंड्यांची मला आठवण झाली. नवा पत्रा मिळण्याची मात्र विवंचना नव्हती. २००० सालच्या ऑक्टोबरात शेवटची मिनी बाहेर पडेपर्यंत सुमारे ५३ लाख गाड्या तयार झालेल्या असल्यामुळे सुट्या भागांचा व्यापार तेथे अद्याप तेजीत आहे; विटनी येथील ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था तर मूळ साच्यांवर अख्खे सांगाडेही घडवून देते.

त्यांच्या घरच्या माझ्या मुक्कामात मी जे सर्वांत बारकाईने पाहिले ते टॅपेटचे, म्हणजे व्हॉल्वच्या फटी बसविण्याचे, काम. झाकण काढले की एका रांगेत आठ व्हॉल्व दिसतात. जो पूर्ण उघडा असेल त्याचा क्रमांक नवातून वजा करावयाचा, आणि जी बाकी येईल त्या क्रमांकाच्या व्हॉल्वची फट बसवावयाची, असा या एंजिनाचा शिरस्ता आहे. चारी प्लग काढून, गाडी चौथ्या गियरमध्ये टाकून दादा तिला मागून हळूहळू ढकलीत. चाकांबरोबर एंजिन फिरे. नात स्टुलावर उभी राहून व्हॉल्वांवर नजर ठेवी.

"थांबा, आजोबा! तीन नंबर पूर्ण उघडला."

"मग बाबाला काय सांगशील?"

"सहा!"

की तिचा बाप सहाव्याचा नट इंची पान्याने सैल करी, स्क्रू ड्रायव्हरने पेच धरी, आणि ०.०१२ इंचाची फीलर गेजची पाती त्या फटीतून सरकवून पाही: पाती अडली तर फट कमी, सुळकन गेली तर जास्त, आणि किंचित धरून सरकली म्हणजे बरोबर. तिघांपैकी एक जण उठून गेला असता तर काम खोळंबले असते. ढकलण्यास एक, पाहण्यास एक आणि पाना धरण्यास एक, अशी माणसांची गरज जेथे यंत्रालाच असते, तेथे घरातल्या मुलीला कौतुकापुरते बोलाविले जात नाही. तिच्यावाचून खरोखरच अडते, आणि हे तिला ठाऊक असते.

सुधारणा कोणत्या कराव्यात, यावर त्या घरात बरेच वाद झाले. मुलाचे म्हणणे, १२ इंची चाके घालून मोठे डिस्क ब्रेक बसवावेत. दादांचे म्हणणे, १० इंची चाके गेली की मिनीचे रूपच गेले. तोड निघाली ती १९६३ सालच्या कूपर एस या मिनीच्या शीघ्रगामी भावंडाकडून: तिच्या साडेसात इंची डिस्क १० इंची चाकांत मावतात. त्याप्रमाणे पुढच्या ड्रमांना रजा मिळाली. डायनॅमोच्या जागी आल्टरनेटर आला, पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन. सिसाविरहित पेट्रोल सोसावे म्हणून हेडमध्ये कठीण धातूच्या व्हॉल्व-सीट बसविल्या, आणि नातीकरिता मागच्या बाकाला पट्टे लागले. ९९८ सीसीचे एंजिन मात्र तेच राहिले, डॅशबोर्डाच्या मध्यावरची घड्याळेही तीच राहिली. मला हा निवाडा सर्वथैव न्याय्य वाटतो. जी सुधारणा जीव वाचविते किंवा गाडी रस्त्यावर टिकविते ती अवश्य करावी. जी केवळ शेजाऱ्याच्या गाडीशी स्पर्धा लावण्यासाठी सुचते ती करू नये.

कायद्याचा कलही बहुतांशी असाच आहे. ब्रिटनमध्ये २०१८ च्या मे महिन्यापासून ४० वर्षांहून जुन्या मोटारींना वार्षिक तपासणीतून सूट आहे, मात्र मोटारीत मूलगामी बदल केलेला नसावा आणि ती सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाने वाहावी. आपल्याकडे २०२१ साली केंद्र सरकारने ५० वर्षांवरील वाहनांकरिता विंटेज नोंदणीची स्वतंत्र तरतूद केली आहे. तिच्यातही सांगाडा, बॉडी आणि एंजिन यांत भरीव फेरफार केलेल्या वाहनास ही नोंदणी मिळत नाही, आणि मिळाली तरी ती गाडी रोजच्या रहदारीस वापरता येत नाही. ज्यांच्या पडवीत वडिलांची फियाट किंवा स्टँडर्ड धूळ खात उभी असेल त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: पाना हाती घेण्यापूर्वी नोंदणीचे दस्तऐवज शोधून ठेवा, गाडी उचलून तिचा तळ पाहा, आणि काढलेला एकही मूळ भाग भंगारवाल्याला देऊ नका.