नाशिकचा इतिहासशिक्षक

शाळेच्या वेळापत्रकात इतिहासाच्या तासाला बहुधा मधल्या सुट्टीनंतरची पेंगुळलेली वेळ मिळते, आणि दहावीच्या लेखी परीक्षेत राज्यशास्त्रासह त्याच्या वाट्याला ४० गुण येतात. तरीही आयुष्यभर हाच विषय शिकवून ज्यांचा उत्साह यत्किंचितही ओसरत नाही अशी माणसे या पेशात आढळतात, याचे कारण वेतनश्रेणीत किंवा मानमरातबात शोधण्यात अर्थ नाही. पुस्तकातले विधान विद्यार्थी स्वतः पडताळून पाहतो ती घटका या शिक्षकांना प्रिय असते, आणि त्या दृष्टीने नाशिकास नेमणूक होणे हे भाग्यच म्हटले पाहिजे.

शहराजवळच त्रिरश्मी डोंगरावर पांडवलेणी आहेत. पांडवांचा त्यांच्याशी काडीचाही संबंध नाही, एवढे सांगितले तरी मुलांचे कान टवकारतात. दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने कोरविलेल्या लेखात अशी नोंद आहे की, गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे त्याने ३००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले, पैकी २००० दरमहा शेकडा एक आणि उरलेले १००० शेकडा पाऊण या दराने. मुद्दलास हात लावावयाचा नाही, आणि पहिल्या रकमेच्या व्याजातून वर्षावासास राहणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यावयाचे. आता फळ्यावर हिशेब मांडावा : २००० चे वर्षाचे व्याज २४०, आणि २० भिक्षूंना १२ प्रमाणे तेही २४०. दमडीचीही तफावत नाही! जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वीचा तो दानपत्राचा मजकूर निगमसभेत वाचून रीतसर दप्तरी दाखल केला होता, हेही त्याच लेखात आहे; आणि मग मागच्या बाकावरचा एखादा मुलगा ‘श्रेणीच बुडाली असती तर?’ असे विचारतो, तेव्हा त्या तासाचे चीज झाले असे समजावे.

नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभीस १९०६ साली सापडलेल्या याच नहपानाच्या तेरा हजारांवर नाण्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटविला होता. सत्तांतर समजावून सांगण्यास याहून सोपे साधन मला ठाऊक नाही.

मूळ कागदाची ही ओढ मराठी शाळामास्तरांत जुनीच आहे. मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकविणारे वासुदेवशास्त्री खरे शाळा सांभाळून पटवर्धनांच्या दप्तरातील मोडी पत्रे वाचीत बसले, आणि १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ काढून त्यांनी उत्तर पेशवाईचा इतिहास अस्सल पुराव्यावर उभा केला. नेमणूक संस्कृताची आणि ध्यास इतिहासाचा, हा योग अन्यत्रही पाहावयास मिळतो.

नाशिकच्या शिक्षकाची खरी कसोटी मात्र जॅक्सनच्या प्रकरणी लागते. लेण्यांतील लेख नाशिक गॅझेटियरसाठी वाचणारे पंडित भगवानलाल इंद्रजी यांचा गुजरातच्या प्राचीन इतिहासाचा अपुरा राहिलेला ग्रंथ ज्याने पुरा केला, तो संस्कृतज्ञ ए. एम. टी. जॅक्सन पुढे नाशिकचा कलेक्टर झाला. बाबाराव सावरकरांना ज्या खटल्यात काळ्या पाण्याची शिक्षा झाली तो त्याच्याच अमदानीतला. आणि २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगास आला असता अनंत कान्हेरे यांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. कान्हेरे फाशी गेले तेव्हा ते विशीही ओलांडलेले नव्हते, म्हणजे समोर बसलेल्या मुलांहून फार मोठे नव्हते. ‘मग सर, जॅक्सन चांगला होता की वाईट?’ हा प्रश्न हटकून येतो. एका वाक्यात निकाल देऊन वर्ग गप्प करणे सोपे असते. पण ज्याला शिकविण्याची खरी गोडी आहे तो ग्रंथ आणि खटला ही दोन्ही मेजावर मांडून पुढचा तासही त्याच प्रश्नाला देतो, मग अभ्यासक्रम मागे पडल्याचा खुलासा मुख्याध्यापकांना लेखी देण्याची पाळी आली तरी बेहत्तर.