मुलांना घेऊन स्पितीला जाताय? ताबो घाईत उरकू नका!

स्पितीतल्याच ‘की’ गोंपाच्या (बौद्ध मठाच्या) फोटोंवर भाळून बहुतेक जण ताबोच्या मठाला अर्ध्या तासात गुंडाळतात. फार चुकतं ते.

इ. स. ९९६ मध्ये गुगे राज्याच्या येशे-ओ राजाने उभारलेला हा तिबेटी मठ बाहेरून अगदीच साधा: लिंपलेल्या जाड मातीच्या भिंती, उजेडाला जेमतेम वाट. आत डोळे अंधाराला सरावले की भिंतीभर चित्रं दिसू लागतात आणि डोक्याच्या वर, भिंतीतून पुढे आलेल्या मातीच्या रंगीत मूर्ती. ‘हिमालयातलं अजिंठा’ म्हणतात याला. पण अजिंठ्याला कातळाचा आधार आहे, इथे निव्वळ माती नि लाकूड! १९७५ च्या भूकंपात नुकसान झालं, तरी जुनी देवळं टिकली. १९९६ मध्ये सहस्राब्दीनिमित्त दलाई लामांनी इथे कालचक्र विधी केला.

आत फोटो काढायला बंदी आहे. प्रदक्षिणा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच. मुलांना थुक्पा (नूडल्सचं सूप) आवडेल, लोण्याच्या खारट चहाची मात्र खात्री नाही.

मुलं बरोबर असतील तर शिमला-किन्नौरमार्गेच जा. उंची हळूहळू वाढते, त्यामुळे शरीराला तिची सवय होते; मनालीहून आलात तर ४,५५१ मीटरची कुंझुम खिंड आधीच गाठते.