साडेबावीस टक्क्यांवरचं आकाश

सकाळी ६. पेणच्या रामवाडी स्टँडजवळ चहा घेतला, डीजीपीएसची पेटी आणि तिपाई गाडीत टाकली. आज पुष्पक नगरला प्लॉट मोजायचाय. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडताहेत आणि भोवतालच्या २० किलोमीटरच्या आकाशाला बांधकामाच्या उंचीची हद्द पडलीय. ती पेणच्या अलीकडेच संपते.

७.४५. प्लॉटवाले काका आधीच येऊन थांबलेले. विमानतळात शेतजमीन गेली, बदल्यात २०१३च्या पॅकेजमधला साडेबावीस टक्के विकसित भूखंड मिळाला. रोव्हर लावला, तर पडद्यावर उंची उणे पन्नासच्याही खाली. काका चरकले, "आमची जमीन पाण्याखाली काय?" नाही, काका. उपग्रह उंची धरतो ती गणिताने मानलेल्या पृथ्वीपासून, आणि आपल्या किनाऱ्यावर तो मानलेला पृष्ठभाग समुद्रसपाटीच्या साठ मीटरांहून अधिक वर येतो. म्हणून सर्व्हे ऑफ इंडियाच्या बेंचमार्कवरून लेव्हल आणायची, दोनदा तपासायची. इथे चुकलेला मीटर वर जाऊन मजला खातो.

११. "किती माळे निघतील, ते सांगा." प्रश्न रास्त आहे, एफएसआय कितीही मिळो, उंची नसेल तर तो वापरणार कुठे? धावपट्टीभोवती चार किलोमीटरपर्यंत विमानतळाच्या पातळीपासून ४५ मीटर, ही सर्वसाधारण मर्यादा. विमान उतरण्याच्या मार्गाखाली ती वेगळी: सुरुवातीला पन्नास मीटर लांब गेलं की एक मीटर चढ. शिवाय पाण्याची टाकी, लिफ्टची खोली, अँटेना, सगळं धरून. विमानतळ प्राधिकरणाने अभ्यास केला तर उंची वाढूनही मिळते, पण ते आधी गृहीत धरू नये. ज्यांनी जमिनी दिल्या त्यांना हे पहिल्या दिवशी, मराठीत, नकाशासह सांगायला हवं होतं.

दुपारी २. बांद्याहून फोन. जमीन सिंधुदुर्गात, विमानतळ गोव्यातलं मोपा. राज्याची सीमा जमिनीवर असते, उंचीचं वर्तुळ ती ओलांडून येतं. असे नकाशे सीमेवरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागलेच पाहिजेत.

४. वाशी, दुसरा प्लॉट. मुंबई आणि नवी मुंबई विमानतळांत सरळ रेषेत २५ किलोमीटरही नाहीत, त्यामुळे हा प्लॉट दोन्ही वर्तुळांत. वर विमानांच्या वाटा नियंत्रक जुळवून घेतात; खाली मात्र दोन्हींतली कमी उंची लागू.

रात्री ८. रामवाडी. आकडे पुन्हा ताडून काकांच्या प्लॉटचा उंचीच्या ना हरकत दाखल्यासाठीचा (एनओसी) अर्ज पोर्टलवर चढवला. काकांच्या मुलाचा फोन: बिल्डर उद्याच करारावर सह्या मागतोय. म्हटलं, एनओसी हातात येईपर्यंत थांबा. आणि तुमचा हिस्सा मजल्यांत लिहू देऊ नका, बांधकामाच्या टक्क्यांत लिहून घ्या.