लेकराला मिरगी : गोळ्यांपेक्षा फेऱ्याच महाग

मंगरूळपीर : सोयाबीन पेरणीचे दिवस होते. बियाण्या-खतात हात रिकामा झाला म्हणून आमच्या भागातल्या एका बापाने सहा वर्षांच्या पोराच्या मिरगीच्या गोळ्या दोन वेळच्या एक वेळ केल्या. "झटके आता कमी हायेत, महिनाभर चालून जाईल," असा त्याचा हिशेब. आठवडाभरात एका रात्री झटका आला तो थांबेचना. भाड्याची गाडी, अकोला, चार दिवस भरती. गोळ्यांत वाचवले त्याच्या कितीतरी पट गेले.

नंतर त्याने खर्चाची वही दाखवली. महिन्याच्या गोळ्यांचे बिल एका बाजूला. दुसऱ्या बाजूला मायबापाचे तिकीट, ऑटो, जेवण अन् दोघांची बुडालेली मजुरी. दुसरी बाजू पहिलीच्या दुपटीहून जास्त होती. हे तो बाप कोणाला सांगत नाही, कारण मिरगीचे नाव निघाले की लोक आधी कांदा-चप्पल हुंगवायचे बोलतात, खर्चाचे कोणी विचारत नाही.

खरे तर मिरगी हा महागडा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते नीट औषध मिळाले तर 100 पैकी 70 रुग्णांचे झटके थांबू शकतात. फेनोबार्बिटोन, व्हॅल्प्रोएट, लेव्हेटिरासेटाम ही औषधे देशाच्या अत्यावश्यक यादीत आहेत, त्यामुळे त्यांच्या किमतीवर सरकारचे बंधन आहे. जनऔषधी केंद्रात ती आणखी स्वस्त पडतात. फक्त कंपनी बदलायची असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, मनाने बदलू नका.

अडचण उरलेल्या लेकरांची आहे. योग्य दोन औषधे पुरेशा मात्रेत देऊनही झटके येत राहिले तर ती औषधाला न जुमानणारी मिरगी समजतात. मग तीन-तीन औषधे, पुन्हा ईईजी, एमआरआय, काहींना खास आहार, काहींना मोठ्या शहरात शस्त्रक्रिया. अशा बऱ्याच लेकरांना जन्मताना उशिरा रडल्यामुळे मेंदूला इजा झालेली असते. त्यांचे चालणे-बोलणेही मागे राहते, म्हणून फिजिओथेरपीचा खर्च वेगळा.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. तीन ते बारा महिन्यांचे बाळ झोपेतून उठल्यावर एकामागून एक दचकल्यासारखे वाकत असेल, हात पसरून मान खाली टाकत असेल, तर घरचे पोटात दुखते म्हणून घुटी देत राहतात. तो मिरगीचा गंभीर प्रकार असू शकतो. मोबाईलवर व्हिडिओ काढा अन् त्याच आठवड्यात मेंदूच्या किंवा बालरोग डॉक्टरांना दाखवा. यात जितका उशीर, तितके बुद्धीचे नुकसान. यावरचे एक इंजेक्शन फार महाग असते, पण कित्येक डॉक्टर स्वस्त स्टेरॉइड गोळ्यांवरही उपचार करतात. पैसा नाही म्हणून घरी बसू नका, डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा.

आता पैसा कुठून? महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ते भरती झाल्यावरच. न थांबणाऱ्या झटक्यांसाठी भरती करावी लागली तर योजनेतल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला लगेच गाठा. महिन्याच्या गोळ्या त्यात बसत नाहीत, अन् इथेच आपली माणसे फसतात. कार्ड आहे म्हणजे सगळे फुकट असे समजून जातात आणि मेडिकलवर खिसा रिकामा करून येतात.

गोळ्यांसाठी सरकारी दवाखानाच धरावा. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. यात ग्रामीण रुग्णालय आले. अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय दुसऱ्या खात्याचे, तिथे थोडे शुल्क लागू शकते. एकदा मोठ्या डॉक्टरांनी औषध ठरवून दिले की पुढच्या महिन्यांचे तेच औषध जवळच्या दवाखान्यात मिळते का, हे चिठ्ठी दाखवून विचारा. एक फेरी वाचली तरी दोघांची मजुरी वाचते.

शाळा-अंगणवाडीत तपासणीला येणारे पथक राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे असते. 18 वर्षांपर्यंतच्या मुलांचे झटके त्यांच्या यादीत आहेत. पथक आले त्या दिवशी लाज म्हणून लेकराला घरी ठेवणारे मायबाप मी पाहिले आहेत. लपवू नका, तिथूनच पुढची चिठ्ठी मिळते. मुंबईची एपिलेप्सी फाउंडेशन ही संस्थाही ग्रामीण जिल्ह्यांत मोफत मिरगी शिबिरे घेत आली आहे. आपल्याकडे कधी आहे, हे आशाताईला विचारत राहा.

अपंगत्वाच्या 21 प्रकारांच्या यादीत मिरगीचे स्वतंत्र नाव नाही. त्यामुळे "मिरगीचे प्रमाणपत्र द्या" म्हटले तर हात हलवत परत यावे लागते. पण सोबत मतिमंदत्व किंवा सेरेब्रल पाल्सी असेल तर त्याचे प्रमाणपत्र मिळते. मग यूडीआयडी कार्ड अन् केंद्राची निरामय विमा योजना. तिच्यात वर्षाला 1 लाखापर्यंत मदत आहे आणि भरती न होता घेतलेली औषधे, थेरपी, प्रवास हेही धरले जाते. फुले योजनेत जे सुटते ते इथे सापडते, तरी गावात हिचे नाव फार थोड्यांना माहीत आहे.

झटका आला तर लेकराला कुशीवर वळवा, तोंडात चमचा-पाणी काही घालू नका, घड्याळ पाहा. पाच मिनिटांत थांबला नाही तर 108 ला फोन करा, ती गाडी फुकट आहे. नेहमीच झटके लांबत असतील तर नाकात मारायचा फवारा घरी ठेवावा का, हे डॉक्टरांना विचारून ठेवा. वहीवाल्या बापाने तो आता घेतला आहे. गोळ्यांचे पैसे तो यंदा पेरणीआधीच बाजूला काढणार म्हणतो.