‘देव पुरवील’ म्हणजे नेमके काय?

ठाण्याच्या कोलशेत रस्त्यावर एकेकाळी कारखाने होते. आज तेथे उत्तुंग गृहसंकुले उभी आहेत. शहराच्या दृष्टीने हा विकास असतो. परंतु कारखान्याबरोबर ज्या घरातील पगारही बंद होतो, तेथे मुलांची फी आणि वृद्धांची औषधे यांची विवंचना सुरू होते. अशा वेळी ख्रिस्ती कुटुंबातील वडीलधारी माणसे ‘देव पुरवील’ असे म्हणतात. ऐकणाऱ्याला हा भाबडेपणा वाटतो, क्वचित दैववादही. मात्र या श्रद्धेचा अर्थ त्याहून वेगळा आहे.

दैववादात जे घडायचे ते अटळ असते. माणसाने काही करण्याला अर्थ उरत नाही. ख्रिस्ती विचारातील ईश्वरी तरतूद ही आंधळ्या नियतीची नव्हे, तर पित्याच्या काळजीची कल्पना आहे. पक्ष्यांना अन्न देणारा पिता माणसाला विसरणार नाही, हा येशूच्या डोंगरावरील प्रवचनातील दृष्टान्त सर्वपरिचित आहे. पण पक्षीही घरट्यात बसून राहत नाही, दाण्यासाठी उडतोच. त्याच प्रवचनात शिकवलेल्या प्रार्थनेत आजच्या दिवसापुरती भाकर मागितली आहे आणि तीही ‘माझी’ नव्हे, ‘आमची’. म्हणजेच या तरतुदीत शेजाऱ्याचा वाटा आणि आपले कर्तव्य दोन्ही गृहीत आहेत.

महाराष्ट्रात याचे ठळक उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. १८७० च्या दशकातील दुष्काळाने त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण हिरावून नेली. १८८२ मध्ये वैधव्य आले. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ उघडले. त्यासाठी अमेरिकेतील मंडळाने १० वर्षांपुरतीच मदत देऊ केली होती. पुढे काय, या प्रश्नावर त्यांनी प्रार्थना केली आणि त्याचबरोबर पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे जमीन घेऊन फळझाडेही लावली.

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी सुमारे ३०० मुली व स्त्रिया आणल्या. पुण्यात प्लेग पसरलेला असल्याने त्यांना केडगावच्या शेतावर ठेवावे लागले. उत्पन्नासाठी घेतलेली ती जमीन अशा रीतीने निराधारांचे घर झाली. तेथेच ‘मुक्ती’ उभे राहिले. रमाबाईंनी यात देवाचा हात पाहिला. तरी तेथे शेती, विणकाम आणि छापखाना यांचे काम अखंड चाले. त्यांच्या लेखी प्रार्थना हा श्रमांना पर्याय नव्हता.

तरीही एक अवघड प्रश्न उरतोच. मागितलेले मिळाले नाही तर? २४ जुलै १९२१ रोजी रमाबाईंची एकुलती एक कन्या आणि कामातील वारसदार मनोरमाबाई यांचे निधन झाले. ईश्वरी तरतूद म्हणजे दुःखापासून संरक्षण, असा अर्थ घेतला तर या घटनेने ती श्रद्धा खोटी ठरली असती. रमाबाईंनी मात्र मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून चालवलेले बायबलचे मराठी भाषांतर सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले, त्याच्या थोडेच आधी ते काम पुरे झाले होते. केडगावचे ‘मुक्ती’ आजही चालू आहे.

नोकरी गेलेल्या घरात ‘देव पुरवील’ हे शब्द उच्चारले जातात, तेव्हा त्यांत उद्याची हमी नसते. उद्याच्या भीतीने आजचे काम आणि आजचे माणूसपण सुटू द्यायचे नाही, एवढा निर्धार त्यांत असतो. आणि शेजारच्या घरातून एखादा डबा येतो, कामाचा एखादा निरोप येतो, तेव्हा श्रद्धावंत त्यालाही तरतूदच म्हणतो. ती पोहोचवणारे हात आपलेही असू शकतात, याचे भान मात्र ऐकणाऱ्याने ठेवायचे असते.