संकरित कोंबडीची अंडी कशी मोजावीत?

पेडणे आणि डिचोली तालुक्यांत परसातल्या खुराड्यात गावठी कोंबड्या बाळगण्याची चाल जुनी आहे. अलीकडे त्यांच्या जोडीला ‘ग्रामप्रिया’, ‘वनराजा’, ‘श्रीनिधी’ अशी नावे ऐकू येतात. या संकरित जाती हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने तयार केल्या. गावठी कोंबडी वर्षाला सुमारे ५० ते ६० अंडी देते. ग्रामप्रिया परसात १६० ते १८० देते, असे सांगितले जाते. या आकड्यावर विसंबून पिल्ले विकत घेणाऱ्या गृहिणीने तो कसा पडताळावा, एवढाच विचार आम्ही येथे करणार आहोत.

कोंबडीच्या पोटात एक अंडे पूर्ण होण्यास सुमारे २५ तास लागतात. त्यांतील बहुतेक वेळ कवच चढण्यातच जातो. म्हणून आज सकाळी आठला अंडे घालणारी कोंबडी उद्या थोड्या उशिरा घालते, परवा आणखी उशिरा, आणि मग एक दिवस खाडा करते. तेव्हा दोन-चार दिवस पाहून मत बनविणे व्यर्थ होय. संशोधनकेंद्रांत ७२ आठवडे वयापर्यंत नोंद ठेवण्याचा प्रघात आहे. घरच्या वहीत निदान पावसाळा आणि उन्हाळा दोन्ही यावेत; कारण अंडी घालण्याची प्रेरणा उजेडावर अवलंबून असते, आणि आषाढातल्या अंधारलेल्या दिवसांत ती मंदावते.

आता हिशेबाकडे वळू. समजा, २० तलंगा पाळल्या. अंडी सुरू होताच त्यांतील ४ मुंगुसाने किंवा मानमोडीने नेल्या. उरलेल्या १६ कोंबड्यांनी ३० दिवसांत २४० अंडी दिली. हयात कोंबड्यांवर हिशेब केला, तर १६ गुणिले ३० म्हणजे ४८० दिवस, आणि उत्पादन शेकडा ५०. मूळच्या २० कोंबड्या धरल्या, तर ६०० दिवस, आणि उत्पादन शेकडा ४०. पहिला आकडा जातीची कुवत दाखवितो. दुसऱ्यात खुराड्याचे दार, मानमोडीची लस, कोल्ह्या-मुंगुसांचा उपद्रव हे सारे येते. विकणारा अर्थातच पहिला सांगतो. दाम मात्र वीस पिल्लांचे मोजलेले असतात!

खाद्याचाही जमाखर्च हवा. गावठी कोंबडी कणी, कोंडा आणि उकिरड्यावरचे किडे यांवर भागविते. अधिक अंडी देणारीला तेवढ्याने पुरत नाही. प्रत्येक कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम जाते. ते न मिळाल्यास कवच पातळ होते. शिंपल्यांचा चुरा ही उणीव भरून काढतो, आणि पेडण्याच्या किनाऱ्यावर शिंपल्यांना तोटा नाही.

गावठी कोंबडीची अंडी कमी भरतात, यात तिचा दोष नाही. दहा-पंधरा अंडी घातली की ती खुडूक होते, २१ दिवस अंडी उबविते आणि पुढे पिल्ले सांभाळते. संकरित कोंबडी सहसा खुडूक होत नाही. तिचा वाढलेला आकडा काही अंशी या वाचलेल्या दिवसांचा आहे. परंतु मग नवी पिल्ले दर वेळी विकत आणावी लागतात, व तो खर्च अंड्यांवर चढतो. संकरित कोंबडीची फळलेली अंडी गावठीखाली उबवायला ठेवता येतात. मात्र त्यांतून निघालेल्या तलंगा आईइतकी अंडी देतीलच असे नाही. त्यांच्यासाठी वहीत निराळे पान घालावे.