किनाऱ्याजवळ घर घेताय? आधी घराखालची जमीन बघा



१ जूनला बंदी लागली, होड्या वर ओढल्या, की ऑफिसात एक प्रश्न हमखास येतो. "सेक्रेटरीबाब, बेतीला एक घर विकायला आहे. जेटी जवळ, पूल ओलांडला की पणजी, पोरांचं कॉलेज हाकेवर. घेऊ काय?"

घर जरूर घ्या. पण आपले लोक काय बघतात? कौलं, विहीर, जाळी पसरायला अंगण. कागद विचारले की विकणारा घरपट्टीची पावती दाखवतो आणि आपण इसार देऊन मोकळे होतो. माझ्या वडिलांनी हेच केलं होतं. पावती विकणाऱ्याच्या नावावर होती, पण जमीन भाटकाराची निघाली. इसाराचे पैसे परत यायला तीन वर्षं गेली, तेही निम्मेच. त्या तीन वर्षांत आमच्या होडीला नवीन इंजिन बसलं नाही. म्हणून हे लिहितो आहे.

१) घरपट्टी, लाईट बिल म्हणजे मालकी नव्हे.
पंचायत कर घेते म्हणून कोणी मालक होत नाही. एक-चौदाचा उतारा आणि सर्व्हे प्लॅन काढा. उताऱ्यावर कब्जेदार म्हणून कोणाची नावं आहेत, कुळाचं नाव आहे काय, इतर हक्कात मुंडकार आहे काय, ते वाचा. उताराही मालकीचा शेवटचा पुरावा नव्हे. मागची खरेदीखतं आणि जमिनीवर कर्जाचा बोजा आहे काय, हे सब-रजिस्ट्रारकडे वकिलाकरवी तपासून घ्या.

२) घर मुंडकाराचं आहे काय?
किनाऱ्यावरची कितीतरी जुनी घरं भाटकाराच्या जमिनीत आहेत. १९७५ च्या मुंडकार कायद्याने मुंडकाराला घरातून काढता येत नाही आणि घराखालची ठराविक जमीन विकत घेण्याचा हक्क त्याला मिळतो. पण हक्क असणं वेगळं आणि खरेदी पूर्ण होणं वेगळं. मामलेदाराकडून ती खरेदी झाली नसेल तर विकणारा जमीन तुम्हाला देणार कुठून? तो कागद आधी मागा.

३) सह्या कोणाकोणाच्या?
गोव्यात लग्नानंतर मालमत्ता साधारणपणे नवरा-बायको दोघांची धरली जाते. त्यामुळे घर विकताना दोघांची सही लागते. मूळ मालक वारला असेल तर सगळे वारस आले, लग्न होऊन गेलेल्या बहिणीसुद्धा. एक भाऊ मुंबईला, एक बोटीवर, एक बहीण वास्कोला. "त्यांची काही हरकत नाही" हे तोंडी चालत नाही. वारसाचं डीड किंवा कोर्टातली इन्व्हेंटरी झालेली आहे काय ते विचारा.

४) सीआरझेड.
इथे आपले लोक जास्त फसतात. किनारी क्षेत्राची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची आहे. त्यानंतर परवानगीशिवाय बांधलेलं घर कधीही अडचणीत येऊ शकतं. आज गोव्यात २०११ ची अधिसूचना लागू आहे. गावच्या भागात समुद्राच्या भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आहे. मांडवी, झुआरीसारख्या भरतीच्या नद्यांकाठी हे अंतर १०० मीटर किंवा नदीची रुंदी, यातलं जे कमी असेल ते. असलेलं अधिकृत घर दुरुस्त करता येतं, पण जोतं आणि चटई क्षेत्र वाढवता येत नाही. म्हणजे "थोरल्याच्या लग्नाला वर मजला चढवू" हा हिशोब धरून घर घेऊ नका. पारंपरिक मच्छीमारांच्या राहत्या घरांना समुद्राकडून १०० ते २०० मीटरच्या पट्ट्यात सवलत मिळू शकते, पण तिलाही परवानगी लागतेच.

५) पैशाचं.
बँकेचा वकील कागद बघून कर्ज नाकारत असेल तर रागावू नका, त्याला काहीतरी दिसलेलं असतं. बँक नाही म्हणाली म्हणून ट्रॉलर गहाण टाकून सावकाराकडून पैसे उचलू नका. घर अडकलं तर भाडं भरून राहता येतं. ट्रॉलर गेला तर चूल बंद. आणि हप्ता ठरवताना जून-जुलै हे दोन महिने कमाई शून्य, हे धरूनच ठरवा.

शेवटचं सांगतो. "दुसरं गिऱ्हाईक उभं आहे, आज टोकन द्या" असं कोणी म्हटलं तर त्या दिवशी नक्कीच देऊ नका. कागदांच्या झेरॉक्स घेऊन आधी सोसायटीच्या ऑफिसात या. मी वकील नाही, पण कुठला कागद कमी आहे ते बसून बघू आणि मग वकिलाकडे जाऊ. घरातल्या बाईमाणसांनाही सोबत आणा. सही त्यांचीही लागणार आहे, आणि प्रश्न त्याच नेमके विचारतात.

आपला,
सेक्रेटरी